खाऊन दाखव

"हे बोट हाय ना? सांग, माणसाचं बोट हाय ना हे?"

त्या पोराच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात माझ्या पातेल्यातलं हाड. दर्यापुरात कोर्टासमोर माझी मटणाची खानावळ आहे. तो पोरगा मोबाइलवर बातम्या देतो. त्याच्यामागे ही गर्दी. पातेलं कुणीतरी लाथेनं उलटं केलं होतं. सकाळपासून वाटलेला मसाला रस्त्यावर.

"बकऱ्याचा पाया हाय दादा. रोज शिजते इथं."

"मंग खाऊन दाखव."

मी खाल्लं. ओट्यावर उकिडवी बसून, सगळ्यांसमोर ते हाड चोखलं. रस्सा कोपरापर्यंत ओघळला. लोक हसत होते. मला वाटलं, आता तरी यांना पटेल.

गर्दीत पुढेच वकीलसाहेब उभे होते. समोर त्यांचं ऑफिस. सोवळ्यातलं घर, कांदा-लसूणही चालत नाही. आणि दर बुधवारी माझ्या मागच्या दारानं आत. आमच्या कोपऱ्यात एक पडदा होता, मायच्या काळापासूनचा. ज्यांना खायचं असतं पण दिसायचं नसतं, त्यांच्यासाठी. साहेब त्यामागे बसून दोनदा रस्सा मागायचे, नळी ताटावर आपटून आपटून खायचे, बोटं चाटायचे. जाताना मूठभर बडीशेप. माझ्या पातेल्यात काय शिजतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर गर्दी पांगली असती.

पोरानं मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

साहेब म्हणाले, "आम्ही इकडे कधी फिरकत नाही. पण या लोकांचं काही सांगता येत नाही."

या लोकांचं. माझी वस्ती कोणती, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे. 'दर्यापुरात माणसाचं मटण?' प्रश्नचिन्ह लावलं की हे बातम्यावाले मोकळे. आधी माझ्या वस्तीचं नाव, मग माझा हाड चोखतानाचा व्हिडिओ. खाली लिहिलेलं, 'पाहा, स्वतःही खातात!' अकोल्याहून मावसबहिणीचा फोन आला, "काहून वं, तुह्याबद्दल असं दाखवून राहिले?" काय सांगणार होते तिला?

सरकारी तपासणीवाले मटणाचा नमुना घेऊन गेले. बकराच निघाला. ते कुणी दाखवलं नाही. खानावळ मात्र बंद पडली. मी घरात बसून रडले, आणि रडताना मला साहेबांची चाटलेली बोटंच आठवायची.

पुन्हा चूल पेटवली तेव्हा आधी स्टँडवरचे जीपवाले आले. पोटभर जेवले, काही विचारलं नाही. मग एका बुधवारी मागचं दार वाजलं.

"बाई, नेहमीचं. नळी आहे ना?"

असा संताप मला जन्मात आला नव्हता. मी पडदा धरला आणि ओढला. दोरीसकट खाली आला. पुढच्या बाकांवरचे जीपवाले वळून बघायला लागले.

"सायेब, खायचं असन तं तिकडं पुढं बसा. तुमच्या ऑफिसाकडं तोंड करून."

"अगं, हळू बोल. लोक ऐकताहेत."

"ऐकू द्या. मी साऱ्यायसमोर खाल्लं. आता तुमी खाऊन दाखवा."

साहेबांनी बाकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि आले तसे मागच्या दारानं गेले. मी त्या दाराला कुलूप घातलं. ते अजून तसंच आहे.

बुधवारी मी आता चूल पुढे ओढते आणि फोडणी मुद्दाम दारात देते. वास सरळ त्यांच्या ऑफिसात जातो. खिडकी लावून घेतात, तरी जातो. त्यांची माफी मला नको. त्यांनी भुकेलं बसावं, दर बुधवारी. ज्या दिवशी मोबाइलसमोर बसून माझ्या पातेल्यातलं हाड चोखतील, त्या दिवशी ताट वाढीन.

पडद्याची मी फडकी केली. गरम पातेली त्यांनीच उतरवते.