चूळबाई आणि दुःखाचे प्रकार

गल्लीतली पोरं त्यांना चूळबाई म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दातांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं "चूळ भरा" म्हणण्यात गेली, तेव्हा दुसरं नाव पडणं कठीणच होतं. खुर्ची वर-खाली करायची, दिवा तोंडावर आणायचा, कापसाचे बोळे पुढं करायचे, आणि माणूस घाबरला की त्याला आपला हात धरू द्यायचा, हे त्यांचं काम. "मी कशालाच भीत नाही" म्हणत आत येणाराच सगळ्यात जोरात हात आवळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका पैलवानानं त्यांची करंगळी कायमची वाकडी केली होती, आणि तीही नुसती सुई बघून.

घरी तीन माणसं. त्या, थोरली नणंद आणि मिस्टर. मिस्टर वजनमापं तपासायच्या कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून स्वतःलाच तपासत होते. सकाळी उठल्यावर काय काय दुखतंय त्याची यादी सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

त्या वर्षी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चार शनिवारची व्याख्यानमाला लागली. विषय दुःख. बोलणारे तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. नणंदबाई म्हणाल्या, "चल, फुकट आहे, आणि खुर्च्या गादीच्या आहेत."

पहिल्या शनिवारी बुद्धांचा विचार होता. सर म्हणाले, "जन्म दुःख, म्हातारपण दुःख, आजार दुःख. आवडत्यांची ताटातूट हे दुःख, आणि नावडत्यांचा सहवास हेही दुःखच." चूळबाईंनी सहज नणंदेकडं पाहिलं. नणंद आधीपासूनच त्यांच्याकडं बघत होती. दोघींनी एकदमच पदर सारखा केला आणि समोर बघायला लागल्या. मग सरांनी दोन बाणांची गोष्ट सांगितली. पहिला बाण शरीराला लागतो, तो काही चुकत नाही. दुसरा आपण आपल्याच मनाला मारून घेतो, 'अरे बापरे, आता माझं कसं होणार' म्हणून. चूळबाईंना हे लगेच पटलं. दवाखान्यात निम्मी दुखणी बाहेरच्या बाकावरच होत असत.

दुसऱ्या शनिवारी सांख्यांची तीन दुःखं झाली. एक आपल्याच शरीरा-मनातून येणारं, दुसरं इतर जिवांकडून येणारं, तिसरं दैवाकडून. तिसऱ्या शनिवारी जैनांचं. तेल लावलेल्या अंगाला धूळ चिकटावी तसं कर्म जिवाला चिकटतं, आणि शांतपणे सोसलं की झडून जातं. चूळबाई घरी परतल्या त्या भारल्यासारख्या. रविवारी सकाळी मिस्टरांनी नेहमीप्रमाणं सुरुवात केली.

"पाठ गेली आज माझी."

"पहिला प्रकार," चूळबाई म्हणाल्या. "स्वतःच्या शरीरातून आलेलं."

"वरचा तो सकाळपासून खुर्च्या ओढतोय. डोकं उठलं."

"दुसरा. इतर जिवांकडून."

"आणि या उकाड्यानं तर जीव चाललाय!"

"तिसरा. दैवाकडून. अजून काही आहे, की चहा टाकू?"

मिस्टर बघतच राहिले. "पूर्वी निदान 'अगं बाई' तरी म्हणायचीस," ते म्हणाले, "आता नंबर देतेस?" आणि ते गप्प झाले. असे गप्प झाले की सोमवार, मंगळवार, बुधवार एक शब्द तक्रारीचा नाही. "कसं वाटतंय?" विचारलं की "छान." नणंदबाईंनी दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. घर खायला उठलं. शांतपणे सोसणारा माणूस घरात असला की बाकीच्यांचं काय होतं, हे सरांनी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी दवाखान्यात सर स्वतःच आले. गालाला मफलर गुंडाळलेला.

दवाखाना आता जुन्या डॉक्टरांची मुलगी चालवायची. तिनं विचारलं, "किती दिवस दुखतेय दाढ?"

"काळ ही सापेक्ष गोष्ट आहे," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"दीड महिना."

"मग इतके दिवस आला का नाहीत?"

"मी त्या वेदनेकडं साक्षीभावानं बघत होतो."

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला. "बघता बघता पार किडली, सर. काढावी लागेल."

सरांचा चेहरा पडला. काढायलाच हवी का, पुढच्या आठवड्यात नाही का चालणार, आधी एखादी गोळी घेऊन बघू का, असे प्रश्नावर प्रश्न सुरू झाले. चूळबाई वाकून हळूच म्हणाल्या, "सर, हा दुसरा बाण आहे. पहिला अजून ट्रेमध्येच आहे."

"बाई, ते शनिवारचं," सर म्हणाले. "आज शुक्रवार आहे." आणि त्यांनी चूळबाईंचा हात घट्ट धरला.

दाढ निघाली. कापसाचा बोळा चावून अर्धा तास बोलायचं नाही असं बजावून डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. चूळबाई सरांच्या शेजारी बसल्या. एवढा विद्वान माणूस आणि तोंड बंद, अशी संधी पुन्हा कुठून यायची?

"सर, निर्वाण मिळालेल्या माणसाची दाढ दुखते का हो?"

सरांनी मान डोलावली. दुखते.

"मग मिळवून उपयोग काय?"

सरांनी खिशातून पेन काढलं आणि केसपेपरच्या मागं लिहिलं, 'दाढ दुखते. तो दुखत नाही.'

चूळबाईंनी ते दोनदा वाचलं. "बरं, खुद्द बुद्धांचं कधी काही दुखलं होतं?"

'पाठ,' सरांनी लिहिलं.

"काय सांगता!"

'शिष्याला म्हणाले, पाठ दुखतेय, पुढचं तू सांग. मी जरा आडवा होतो.'

चूळबाईंनी नवा केसपेपर केला आणि हा जुना घडी घालून पर्समध्ये टाकला. संध्याकाळी चहाबरोबर तो मिस्टरांपुढं ठेवला. त्यांनी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला.

"कुठं दुखायची? कमरेत?"

"ते नाही लिहिलं त्यांनी."

"विचारायचंस ना! सगळं त्यावरच असतं." मिस्टर कागदाची घडी घालत म्हणाले, "एवढा मोठा माणूस, आणि आडवा व्हायला लाजला नाही." पाच दिवसांनी त्यांची जीभ सुटली होती. रात्रीच्या जेवणाला मान आणि डावा गुडघाही आला, आणि नणंदबाईंनी हुश्श केलं.

चौथ्या शनिवारी मिस्टरही वाचनालयात आले. दुःखावरचे उपाय हा त्या दिवसाचा विषय. सरांचा गाल अजून सुजलेला होता. ते कसेबसे दहा मिनिटं बोलले आणि म्हणाले, "आज तुम्हीच बोला."

मिस्टर उभे राहिले. त्यांनी पाठीपासून सुरुवात केली आणि घोट्यापर्यंत आले. ते खाली बसतात तोच एका शिंप्यानं डोळ्यांचं काढलं. एका आजींनी सुनेचं काढलं, आणि सून मागच्याच रांगेत असल्यामुळं तिची बाजूही ऐकावी लागली. ग्रंथपाल बंद करायची वेळ झाली म्हणून तीनदा येऊन गेला आणि चौथ्यांदा आपल्या मूळव्याधीचं सांगून बसला. सर गालाला हात लावून ऐकत होते आणि योग्य जागी "अरेरे" म्हणत होते. त्या तोंडातून त्याहून मोठं वाक्य निघत नव्हतं. उपाय राहूनच गेले, पण कुणी विचारलेही नाहीत.

परतताना नणंदबाई किल्ली घेऊन पुढं गेल्या. वाटेत चूळबाई थांबल्या.

"अहो, जरा थांबा. माझे पाय फार दुखतायत."

मिस्टर गोंधळले. दुखण्याचं खातं आजवर त्यांच्याकडं होतं. "कधीपासून?"

"झाली असतील बारा-तेरा वर्षं. उभ्याचंच काम ना."

"आणि बोलली नाहीस कधी?"

"तुमचं संपायची वाट बघत होते."

मिस्टरांनी एका बंद दुकानाची पायरी रुमालानं झटकली आणि त्यांना बसवलं. मग शेजारी बसून चौकशी सुरू केली. उजवा जास्त की डावा? ठणकतं की ओढल्यासारखं होतं? चालताना जास्त की बसून उठताना? जाणकार माणसाचे प्रश्न होते. चूळबाई एकेकाचं सावकाश उत्तर देत गेल्या. बरं वाटत होतं.

कोपऱ्यावरून नणंदबाईंनी हाक मारली, "दार उघडून ठेवलंय. येताय ना?"

"तुम्ही व्हा पुढं, वन्सं," चूळबाई म्हणाल्या. "माझी टाच राहिलीय अजून."