साडेनऊ फुटांवरच्या खुर्च्या

ऑपरेटरने चौतीस वर्षांत एकही सिनेमा नीट पाहिला नाही, असं मी म्हटलं की लोक हसतात. तो सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचा. रोज तीन खेळ. पण यंत्रं दोन होती आणि रीळ वीस मिनिटांत संपायचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटायचा. तो दिसला की दुसरं यंत्र सुरू करायचं. ठिपका चुकला की पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. त्यामुळे त्याची नजर कायम त्या कोपऱ्यात. "नायिका मेली की तिचं लग्न झालं, ते मला विचारू नकोस," म्हणायचा. "कोपऱ्यात काय झालं ते विचार."

बघायचा तेही भिंतीतल्या भोकातून. भोक वीतभर रुंद. तिथून पडदा नव्वद फुटांवर, तळहाताएवढा दिसायचा.

मी त्याच सिनेमागृहात सुतारकाम करत होतो. खुर्च्यांचे हात, दारं, पडद्याची चौकट, सगळं माझ्याकडे. त्यामुळे ऑपरेटरची आणि माझी ओळख फार जुनी, आणि त्याच्या बायकोचीही. मी तिला वहिनी म्हणतो. लग्नानंतर वहिनी पासावर सिनेमाला यायच्या. बाल्कनीची शेवटची रांग, खुर्ची अकरा. बारावर रुमाल टाकून ठेवायच्या. मध्यंतर झालं की ऑपरेटर शेंगदाण्यांची पुडी घेऊन खाली यायचा, बारावर बसायचा आणि घंटा झाली की पळायचा. "एक दिवस अख्खा सिनेमा तुझ्या शेजारी बसून बघीन," असं त्याने पहिल्याच वर्षी कबूल केलं होतं. तो दिवस काही उजाडला नाही. वहिनींनी कधी तक्रार केली नाही. एकदाच मला म्हणाल्या, "भाऊजी, माझा संसार सात मिनिटांचा आहे. मध्यंतर तेवढंच असतं."

सिनेमागृह बंद झालं तेव्हा खुर्च्या भंगारात निघाल्या. ऑपरेटरने मालकाकडून अकरा आणि बारा मागून घेतल्या. लेक नोकरीसाठी दूर गावी राहते. तिने घरात चालणारा प्रोजेक्टर पाठवला. आणि ऑपरेटर माझ्या दारात उभा राहिला. "मिस्त्री, हत्यारं काढ. आता बारा नंबर भरायचाय."

त्याची बाहेरची खोली सतरा फूट लांब आणि साडेदहा फूट रुंद. समोरच्या भिंतीवर पडदा येणार हे ठरलेलं होतं. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराचं दार. प्रश्न दोनच. पडदा केवढा आणि खुर्च्या किती लांब.

दोन प्रश्नांना आम्ही नऊ दिवस घेतले. भिंतीवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. आधी सहा फूट रुंद, मग सात, मग आठ. ऑपरेटर स्टूल घेऊन मागे-पुढे सरकायचा, एक डोळा मिटायचा, मग दुसरा. मी टेप धरायचो. माझं म्हणणं सहा फुटांचं होतं. खोलीला तेवढा पुरे, दोन्ही बाजूंना भिंत मोकळी राहते.

"सहा म्हणजे खिडकी झाली," तो म्हणाला. "जन्मभर भोकातून बघितलं. आता चित्र अंगावर आलं पाहिजे. डोळे भरून बघायचंय."

"मग पडद्याला नाक लावून बस."

"तिथे शिट्ट्या मारणारे बसतात. मी सभ्य माणूस आहे."

शेवटी पडदा आठ फूट ठरला आणि खुर्च्या साडेनऊ फुटांवर. तिथे बसलं की मान न हलवता दोन्ही कडा दिसत होत्या, पण खोलीतलं दुसरं काही दिसत नव्हतं. ऑपरेटरला अगदी तसंच हवं होतं. वहिनी चहा घेऊन आल्या. ऑपरेटरने विचारलं, "अगं, कसं वाटतंय?"

"भावाने बहिणीला फसवलं असं वाटतंय," त्या म्हणाल्या. भिंतीवर चिकटवलेल्या पानावर ती बातमी मधोमध होती. आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्यांना स्टुलावर बसवून 'कडा दिसतात का' हे विचारायला पाहिजे होतं. नऊ दिवसांत आम्ही दोघंच बसलो. आम्हाला दिसतं म्हणजे सगळ्यांना दिसतं, असं आम्ही धरून चाललो.

सिनेमागृहाच्या खुर्च्या नुसत्या ठेवून चालत नाहीत. बिडाचे पाय अरुंद असतात, टेकलं की उलटतात. जमिनीत बोल्ट लागतातच. जोडीला तीन पाय, पायाला दोन, म्हणजे सहा बोल्ट. फरशीला ड्रिल मारताना ती तडकू नये म्हणून मी प्रत्येक भोकाला आठ मिनिटं दिली. पाणी सोडत, थांबत थांबत. पडद्याची चौकट सागाची केली, कोपरे सांध्यात बसवले, खिळा एकही नाही. ओळंबा लावला तर चौकट वरपासून खालपर्यंत दोऱ्याला चिकटून. काम चोख झालं होतं, हे मी आजही म्हणेन. पुढे जे झालं त्यात त्या चोखपणाचा वाटा होता.

रविवारी दुपारी पहिला खेळ झाला. मला बोलावलं होतं. मी बाजूला मोडा घेऊन बसलो. जाड पडदे ओढले. ऑपरेटरने इस्त्रीचा सदरा घातला होता. वहिनी अकरावर, तो बारावर. दहा मिनिटं झाली असतील. वहिनी उठल्या.

"गॅसवर दूध आहे."

दूध बघून त्या परत खुर्चीकडे आल्याच नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि उरलेला सिनेमा तिथूनच बघितला.

पुढच्या रविवारी दूध नव्हतं, डाळ होती. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच नव्हतं. ऑपरेटर चिडला. "खुर्च्या काय शोभेला आणल्या? उभी कशाला राहतेस?"

"अहो, मला इथूनच सगळं दिसतं."

"सवय, दुसरं काय! शेवटच्या रांगेची राणी."

मीही हसलो. वहिनी अकरावर बसायच्या तेव्हा त्यांची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरायची, चेंडूचा खेळ बघितल्यासारखी. ते मला दिसत होतं. "वहिनी, सिनेमा बघताय की रस्ता ओलांडताय?" असं मी त्यांना विचारलंसुद्धा. चहा बशीच्या बाहेर सांडायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. शेवटची पायरी हुकायची. वय झालं, असं आम्ही म्हणायचो. वय तर आमचंही झालं होतं, पण आमचा चहा सांडत नव्हता.

खुर्च्या बसवून दोन महिने झाले असतील. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या फडताळाची बिजागरी बदलत होतो. ऑपरेटर बाहेर गेला होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या खुर्च्या मागच्या भिंतीला लावता येतील का हो?"

मी बिजागरीवरून मान वर केली नाही. "सहा बोल्ट आहेत वहिनी. भोकं उघडी पडतील, फरशी खराब दिसेल. आणि माप बरोबर आहे. नऊ दिवस घालवले आम्ही."

"बरोबरच असेल," त्या म्हणाल्या. "तुमचं काम म्हटल्यावर काय."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. का, असं मीही विचारलं नाही. चांगल्या बसवलेल्या वस्तूला पाना लावणं माझ्या जिवावर आलं. खरं कारण एवढंच.

ऑपरेटरने भलताच अर्थ काढला. एका रविवारी सिनेमा लावलाच नाही. गच्चीत बसून मला म्हणाला, "तिला माझ्या शेजारी बसायचंच नाहीये, मिस्त्री. चौतीस वर्षं मी वर होतो. तिला एकटीने बघायची सवय लागली. आता हक्क सांगायला गेलो तर दारात जाऊन उभी राहते. चूक तिची नाही." मी म्हटलं, "येईल हळूहळू." मला खुर्च्या मागे घेण्याचं बोलणं आठवलं होतं. सांगितलं नाही. सांगितलं तर काम माझ्याच गळ्यात पडलं असतं.

मग रविवारचे खेळ विरळ होत गेले. त्यानेही बारावर बसणं सोडलं. अकरावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या राहू लागल्या.

दीड वर्षाने लेक सुटीवर आली. पहिल्याच दिवशी तिने आईपुढे पाण्याचा पेला धरला, तो आईला दिसलाच नाही. हात हवेत फिरत राहिला. तिने दुसऱ्या दिवशी दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडांकडून आत आत जळत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजव्यात मधोमध थोडं उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं सांभाळायचं. दीड वर्षापूर्वी आला असता तर बरंच वाचलं असतं."

"म्हणजे हिला दिसतं तरी किती?" ऑपरेटरने विचारलं.

डॉक्टरांनी कागदाची बारीक नळी करून त्याच्या हातात दिली. त्याने ती डोळ्याला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. लेकीने मला नंतर सांगितलं, "काका, बाबा एवढंच म्हणाले की हे तर माझं भोक आहे."

तो तडक माझ्याकडे आला. खाली बसला नाही. "भोकातून अख्खा पडदा बघायचा तर लांब उभं राहावं लागतं, मिस्त्री. मला हे ठाऊक असायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाला नसतं तरी चाललं असतं. मला ठाऊक होतं." मग म्हणाला, "पाना घे."

तेव्हा मी त्याला बिजागरीच्या दिवशीचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "चल."

सहा बोल्ट काढले. मागच्या भिंतीशी सहा नवी भोकं पाडली. खुर्च्या लावल्या. या वेळी आधी वहिनींना अकरावर बसवलं आणि मग पडद्याचं माप घेतलं. ऑपरेटरने प्रोजेक्टर छतावरून उतरवून बुटक्या स्टुलावर ठेवला आणि इंच इंच पुढे घेऊ लागला. स्टूल पुढे जाईल तसं चित्र लहान होतं.

"दोन्ही कडा दिसतात?"

"नाही."

सात फूट. सहा. माझे सहा मागे पडले. पाच.

"आता?"

"डावी येते नि जाते."

चार फुटांवर त्या म्हणाल्या, "थांबा." माझ्या आठ फुटी चौकटीत मधोमध चार फुटांचं चित्र, भोवती सगळा पांढरा पडदा रिकामा. लेकीने तो काळ्या कापडाने झाकला. पहिल्या रविवारी वहिनींना दारातून आठच्या आठ फूट मावत होते, याचा हिशेब मी तिथेच मनात केला. 

ऑपरेटर बारावर बसला. खिडकीचा पडदा ओढायला मी उठलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "भाऊजी, खुर्च्या हलवायला किती वेळ लागला?"

मी घड्याळ पाहिलेलं होतं. काम सुरू करताना मी नेहमी पाहतो. "एक तास दहा मिनिटं."

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जास्त वाटलं होतं.

सिनेमा सुरू झाला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. चौकटीवर खांद्याच्या उंचीला रंग घासून लाकूड उघडं पडलं होतं. तिथे टेकलो. ऑपरेटर हळू आवाजात काहीतरी सांगत होता. बहुतेक उजव्या कोपऱ्यात काय चाललंय ते. वहिनींची मान स्थिर होती.

मध्यंतर नव्हतं. दोघं शेवटपर्यंत उठली नाहीत. खोलीच्या मधोमध जुनी सहा भोकं उघडी होती. ती दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या सिमेंटने बुजवली. फरशीचा रंग काही जुळला नाही.