सिंगापूरचा कागद आणि मैनाची टोपली

बोटांनी कागद ओळखण्यात खाडीकाठच्या बोनकोडे गावच्या धर्माचा हात धरणारा महाप्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात दुसरा कोणी नव्हता. शेत सिडकोच्या नव्या मुंबईच्या नकाशात गेलं, तेव्हा त्याने ही नोकरी धरली, ती बारा वर्षं टेम्पररीच. शहाण्णव साली कारखान्याचे मालक शहाजीशेठ यांनी गोदामाच्या कारकुनाची पक्की जागा देऊ केली खरी, पण अट अशी घातली की दहावी नापास माणसाचे डोळेच पांढरे व्हावेत.

"इंडोनेशिया आणि सिंगापूर," एक जाडजूड पुस्तक पुढे टाकत शेठ म्हणाले. "दोघांनी वर्षागणिक किती कागद-पुठ्ठा बाहेर धाडला ते यात आहे. वर्षभराचा माल कोणाकडून घ्यायचा, शनिवारपर्यंत सांग. जमलं तर जागा तुझी, नाहीतर बाहेरचा माणूस बघतो."

धर्माने पुस्तकातले आकडे बघून एका पुठ्ठ्यावर दोन रेषा ओढल्या, इंडोनेशियाची लाल, सिंगापूरची निळी. दोन्ही आपल्या चढत्याच. इंडोनेशियाचं एक वेळ ठीक, तिथे जंगलं तरी आहेत. पण सिंगापूर? मशीनवरच्या कासिमचा मेहुणा तिकडे नोकरीला होता. कासिम म्हणाला, "झाडं आहेत रे, पण रस्त्याकडेला, शोभेची. कागदाची गिरणी काय त्याने पाहिली नाही." मग एवढा कागद काय आभाळातून पडतो? धर्मा गोदामात गेला. दोन्हीकडून आलेल्या कागदाच्या रिळांचे तुकडे त्याने फाडले, भिजवले, हुंगले. बोटं सांगत होती माल एकच, पुस्तक सांगत होतं दोन. आता छापलेलं खोटं म्हणायचं की आपली बोटं? बिचाऱ्याच्या डोक्याचा पार भुगा झाला.

शुक्रवारी तो पुठ्ठा घेऊनच जेवायला बसला. त्याची बायको मैना वाशीला मासळी विकायची. तिने कालवण वाढता वाढता त्याचं रडगाणं ऐकून घेतलं.

"माझंच बगा," ती म्हणाली. "चार वर्सांमागं एक टोपली नेत होते, आता तीन नेते. खाडीत मासली जास्त झाली काय?"

"मंग?"

"खाडीत आता काय गावतंय? मुंबयच्या भाऊच्या धक्क्यावरून आनते नि वाशीला विकते. गिऱ्हाईक म्हनतं, बोनकोड्याची मासली. तुमचं सिंगापूर तसंच आसंल."

धर्माचा घास हातातच राहिला. कोडं सुटलं होतं, पण आनंद काही होईना. चार वर्षं हेच कालवण ओरपत तो म्हणत आला होता, आपल्या खाडीची चव कुठं नाय.

"मला का नाय सांगितलंस?"

"तुमी कौतुकानं खायचात," मैना खाली बघत म्हणाली. "माझा जीव झाला नाय."

शनिवारी धर्माने शेठना सांगून टाकलं, "सिंगापूर सोडा. माल इंडोनेशियाचाच हाय, नुसता तिकडून फिरून येतो. थेट घ्या." शेठनी सिंगापूरचा माल पुरवणाऱ्या दलालाला फोन लावून चांगलं दमात घेतलं. थोडे आढेवेढे घेऊन दलालाने कबूल केलं. शेठनी तिथल्या तिथे नोकरीच्या कागदावर सही केली.

दुपारी धर्माने डबा उघडला. आत वरण-भात. बारा वर्षांत पहिल्यांदा मैनाने मासळी दिली नव्हती. एका हातात पक्क्या नोकरीचा कागद, पुढ्यात ते पिवळं वरण, आणि हसावं की रडावं हे त्याला समजेना. एवढंच ठरलं, की घरी गेल्यावर तिला सांगायचं: मासली धक्क्यावरचीच आन, फकस्त वाढताना खाडीची म्हन.