ओमानच्या उन्हात बर्फाचे टायर

मस्कतमधली ती चौकशी आठवली की आजही मी हातातले काम बाजूला ठेवतो. पोलीस खात्यात असताना खून पाहिले, दरोडे पाहिले, पण खून-दरोडा काहीच नसलेली ही केस माझ्या मनात सगळ्यांत जास्त रुतून बसली आहे.

खात्यातून निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे मस्कतच्या अझैबा भागात राहायला आलो. एका विमा कंपनीला गंभीर अपघातांची चौकशी करणारा अनुभवी माणूस हवा होता. मी होकार दिला. अंगावर वर्दी नव्हती, अटकेचा अधिकार नव्हता, पण स्थळपाहणी, जबाब आणि अहवाल तेच होते. त्यामुळे ही माझ्या दुसऱ्या नोकरीतली घटना असली, तरी मी तिला पोलिसी केसच समजतो.

ऐन उन्हाळ्यातली दुपार. निझव्याहून मस्कतकडे येणाऱ्या रस्त्यावर एका वेगवान, महागड्या गाडीचा मागचा टायर फुटला. गाडी दुभाजकावर आदळून उलटली. चालवणारे गृहस्थ वाचले, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी जागीच गेल्या. हे मूळचे पुण्याचे कुटुंब, राहायला मस्कतच्या अल हैल भागात. ते गृहस्थ इंजिनिअर होते. त्यांचा उल्लेख मी तसाच करतो. गाडी सेकंडहँड, पण कित्येक वर्षांची हौस होती. मागच्या सीटवर निझव्याच्या हलव्याचे डबे तसेच पडले होते. सुट्टीत पुण्याला न्यायला बाईंनी घेतले होते.

स्थानिक पोलिसांपुढे इंजिनिअरांनी स्वतःहून जबाब दिला होता. "निझव्यापासून गाडी मी ताशी एकशे साठने चालवत होतो. चूक माझी आहे." बेदरकार वेगाने मृत्यू घडवणे हा तिथे गंभीर गुन्हा. तुरुंगवास होऊ शकतो. प्रकरण सरळ दिसत होते. मी फक्त शिक्कामोर्तब करायचे, अशी कंपनीची अपेक्षा होती.

मी अल हैलला गेलो तेव्हा बाईंचे धाकटे भाऊ पुण्याहून आलेले होते. हॉलमध्ये बसलेल्या मेहुण्यांकडे ते पाहतही नव्हते.

"दाजी, तुमच्या गाडीच्या वेडापायी माझी ताई गेली," ते माझ्यासमोरच म्हणाले. "आता साहेबांना तरी खरं सांगा."

"खरंच सांगितलंय," इंजिनिअर म्हणाले. हात प्लास्टरमध्ये, दाढी वाढलेली. "साहेब, कुठे सही करायची?"

त्यांची एकुलती मुलगी बारावीला होती. अपघाताच्या दिवशी ती क्लाससाठी घरीच राहिली होती. तिने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि आत निघून गेली.

निघताना इंजिनिअरांनी विचारले, "गाडी लवकरात लवकर भंगारात देता येईल का? मला ती पोलिसांच्या आवारात नकोय."

मी कान टवकारले. मुद्देमाल नाहीसा करायची घाई असलेला माणूस मी ठाण्यात अनेकदा पाहिला होता. दुःखात असलेला माणूस गाडीचा विषय टाळतो. हे गृहस्थ तिचा पाठपुरावा करत होते. "चौकशी संपेपर्यंत ती हलणार नाही," एवढेच मी म्हणालो आणि माझे कार्ड टेबलावर ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज दबका, कोवळा. आधी इंग्रजीत काहीतरी पुटपुटणे, मग अडखळत मराठी. "अंकल, प्लीज टायर चेक करा. टायरवर माउंटनचं पिक्चर आहे. स्पीडमुळे नाही झालं." फोन बंद. मी परत लावला तर लागेना. पूर्वी अशी खबर आली की आधी स्टेशन डायरीला नोंद आणि मग जीप बाहेर. इथे मी नंबर लिहून घेतला आणि गाड्या ठेवतात त्या आवारात गेलो.

फुटलेल्या टायरचा वरचा पट्टा साल सोलावी तसा निघून आला होता. उरलेले तीन टायर धड होते. खाली बसून पाहिले, तर टायरच्या बाजूवर तीन सुळक्यांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असे छोटे चित्र होते. मराठी माणसाला हे चित्र माहीत असायचे कारण नाही. मलाही नव्हते. त्या टायर कंपनीच्या तांत्रिक विभागाला फोटो पाठवले, तेव्हा उलगडा झाला. हे बर्फात चालवायचे टायर होते. त्यांचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते, कडाक्याच्या थंडीतही ते कडक होऊ नये म्हणून. ओमानच्या उन्हात तापलेल्या डांबरावर तेच रबर भराभर तापते आणि आतले थर सुटू लागतात.

टायरच्या मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा वजन किती पेलेल ते सांगतो, अक्षर वेग किती सोसेल ते. त्या गाडीला जे अक्षर लागत होते, त्याच्या किती तरी खालचे अक्षर या टायरांवर होते. वजनाचा आकडाही कमी. उष्णता सोसण्याची खूण तर कुठे नव्हतीच. शिवाय ते बरेच जुने होते. टायर कधी बनला तेही त्याच्यावरच छापलेले असते. कुठल्या तरी थंड देशातून वापरलेले टायर आणून, काळी पॉलिश मारून विकलेला तो माल होता.

मग वेगाचे काय? घटनास्थळाच्या थोडे अलीकडे रडार कॅमेरा आहे. निझव्यापासून एकशे साठने आलो असे म्हणणाऱ्या माणसाला तिथे दंड व्हायलाच हवा होता. मी चौकशी केली. दंड नव्हता. म्हणजे जबाब खोटा होता. पण तुरुंगात नेणारे खोटे कोण बोलते?

गाडीत सापडलेल्या पावतीनुसार टायर मस्कतच्या गाला भागातल्या एका दुकानात बसवले होते. दुकानदार आधी गुर्मीत होता. मी त्याला निवांत बसवले, चहा मागवला आणि तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहिलो. ही सवय ठाण्यातली. शेवटी तो वैतागला.

"साब, कस्टमर ने खुद पसंद किया. ये देखो, उसकी बेटी का मेसेज. मैंने जबरदस्ती नहीं की."

"तुमने बताया था कि ये बर्फ के टायर हैं?"

मी मोबाईल हातात घेतला. मुलीने इंटरनेटवरची यादी पाठवली होती. वेगवान गाड्यांसाठी उत्तम टायर, या टायरला पाच तारे. खाली तिने इंग्रजीत विचारले होते, डोंगराचे चित्र आहे म्हणजे निझव्याकडच्या घाटात ग्रिप चांगली मिळेल ना? दुकानदाराचे उत्तर होते, "यस यस, बेस्ट टायर." ती यादी बर्फाळ देशातल्या हिवाळ्यासाठी होती. पोरीने तारे पाहिले, डोंगर पाहिला.

वर तिचा नंबर होता. मला फोन आला तोच.

त्या संध्याकाळी मी इंजिनिअरांना अल हैलच्या समुद्रकिनाऱ्यावर गाठले. म्हणालो, "तुम्ही एकशे साठने नव्हता. टायर मी पाहिलेत. दुकानातही जाऊन आलोय."

त्यांनी लाटांकडे तोंड फिरवले. मग कसेबसे म्हणाले, "गाडीची आवड तिला माझ्यामुळेच लागली. बाबा, या वेळी टायर मी निवडणार, म्हणाली. किती खूश होती. साहेब, आई गेली हे ती सोसेल. आपण निवडलेल्या टायरमुळे गेली, हे नाही सोसणार. वेग माझा होता असंच लिहा. मी तुरुंगात जाईन."

"आणि ती एकटी राहील?"

"मामा आहे तिला."

आता सांगणे भाग होते. "मला टायर बघायला तिनेच सांगितलं. फोन तिचा होता."

ते मटकन वाळूत बसले. पत्नीच्या अंत्यविधीतही हा माणूस रडला नव्हता, असे बाईंच्या भावांनी मला रागाने सांगितले होते. तो माणूस प्लास्टरमधला हात छातीशी धरून हुंदके देत होता.

घरी आम्ही दोघे एकत्रच गेलो. त्यांना पाहून मुलीच्या सगळे लक्षात आले.

"बाबा, मी दुसऱ्याच दिवशी सर्च केलं होतं," ती म्हणाली. "मला कळलं होतं. पण तुम्ही सगळ्यांना स्पीड, स्पीड सांगत होता. मला वाटलं, मला कुणी ओरडू नये म्हणून... आई गाडीत असताना तुम्ही कधी फास्ट जाता का?"

बापाने तिला जवळ घेतले. इतके दिवस एकाच घरात दोघे एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते.

आवाजाने मामा खोलीतून बाहेर आले. मी त्यांना रडार कॅमेऱ्याचे आणि टायरचे सांगितले. ते इंजिनिअरांकडे वळले. मग त्यांनी विचारले, "असले टायर घेतले कुणी?"

"दुकानदाराने फसवून विकले," मी म्हणालो. ते खरेच होते.

पण मुलगी पुढे आली. "मी घेतले, मामा. मी सिलेक्ट केले."

मामा बाल्कनीत गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. आम्ही तिघेही जागचे हललो नाही. खूप वेळाने ते आत आले, भाचीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

तिने नकारार्थी मान हलवली. ते स्वयंपाकघरात गेले आणि बहिणीच्या डब्यांतून तांदूळ, डाळ शोधू लागले.

माझा अहवाल गेला. इंजिनिअरांवरचा आरोप उभा राहिला नाही. त्या दुकानावर कारवाई होऊन तसले टायर जप्त झाले. काही महिन्यांनी बाप-लेक पुण्याला परत गेले.

खात्यात मी स्वतःला वाचवण्यासाठी खोटे बोलणारी माणसे पकडायला शिकलो. दुसऱ्याला वाचवण्यासाठी स्वतःला बुडवणारा माणूस ओळखायला मला ही केस लागली. निघायच्या आधी मुलगी माझ्याकडे अझैब्याला आली होती. मी तिला अहवाल वाचून दाखवला. कारण, सदोष आणि अयोग्य टायरची विक्री. जबाबदार, विक्रेता. तुझे नाव कुठेही नाही, बाळ, असे म्हणालो.

तिने तो परिच्छेद स्वतः पुन्हा वाचला. ओळींवरून बोट फिरवत, सावकाश. मग "थँक्यू अंकल" म्हणून कागद परत दिला. तिला ते पटले असेल, असे मला वाटत नाही.