ताईच्या मॅक्सीची आमंत्रणं

ताई जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणाऱ्या बायका दोन मिनिटं डोळे पुसतात आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणतात, "तुला तो मॅक्सीचा किस्सा माहितीये का रे?" मला माहिती असणारच! प्रत्येक किश्श्यातली आमंत्रणाची चिठ्ठी मीच पोचवलेली असते. माणूस गेलं की घर रिकामं होतं, पण किस्से मात्र रोज दोन-चार येऊन पडतात. ठेवायचे कुठे? म्हणून इथे टाकतो. मी सातवीत शाळा सोडून सातपूरला लेथवर लागलेला माणूस. सजवून सांगणं मला जमत नाही. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

ताई नाशिकरोडच्या एका कॉलनीत राहायची. मालेगावचं सुती कापड आणून घरीच मॅक्सी शिवायची आणि महिन्यातून एकदा शेजारणींना घरी बोलावून विकायची. दुकान नाही, पाटी नाही. सगळी भिस्त त्या चिठ्ठीवर.

*

पहिल्या चिठ्ठीत ताईने सरळ लिहिलं, "मॅक्सीचे प्रदर्शन". पहिल्याच घरी दार उघडलं त्या घरच्या बाईच्या सासऱ्यांनी.

"मॅक्सी म्हणजे काय रे?"

मी हातांनी दाखवलं. "गळ्यापासून घोट्यापर्यंत, आजोबा. एकदम सैल. डोक्यातून घालायची."

आजोबा आत वळून सुनेला ओरडले, "अगं, तुझ्या मापाचं झबलं आलंय!"

तेव्हापासून नियम झाला. चिठ्ठी फक्त बाईच्या हातात द्यायची!

*

दुसऱ्या वेळी वेळ दिली दुपारी चारची. एकही बाई आली नाही. ताई चारदा गॅलरीत जाऊन आली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉलनीत नळाला पाणीच चारला यायचं!

"ताई, तुझ्या नळाला कधी येतं गं पाणी?"

"चारला."

"मग?"

"मी कालच भरून ठेवलं ना! आज बायका येणार म्हणून!"

पुढच्या चिठ्ठीवर लिहिलं, "वेळ : पाणी गेल्यावर." अकरा बायका एकदम हजर!

*

या अकरा जणींचं ऐका. ताईच्या हॉलमध्ये समोरच बुद्धाची मूर्ती होती. आम्ही कोण ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. बायकांनी हौसेने मॅक्सी बघितल्या, आतल्या खोलीत जाऊन साडीवरून घालूनही बघितल्या. तेवढ्यात ताईने चहा आणला.

महिला मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "अय्या, माझा आज उपास!"

दुसरीचाही उपास. तिसरीचाही. अकराच्या अकरा जणींचा उपास, आणि वार बुधवार! एवढे देव एकाच बुधवारी कुठून मोकळे सापडले कोण जाणे.

मॅक्सी मात्र नऊ गेल्या. अंगाला चालतं, ओठाला चालत नाही! अकरा कप चहा मी आणि ताईने संपवला. ताई म्हणाली, "उपासाला चहा चालतो, हे त्यांना माहीत नसेल." मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

*

पुढच्या चिठ्ठीत ताईने लिहिलं, "उपासाचे वेगळे केले आहे." साबुदाण्याची खिचडी केली, लिंबाचं सरबत केलं. तर त्या दिवशी एकीचाही उपास नव्हता! सगळ्या आत्ताच पोटभर खाऊन आलेल्या.

माझं डोकं सटकलं. पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या वाटायला निघालो तेव्हा वाटेत सायकल उभी केली आणि प्रत्येक चिठ्ठीखाली पेनाने लिहिलं, "चहा आपापल्या घरून पिऊन यावे."

मला वाटलं, लाजतील. कसलं काय! सतरा बायका आल्या. एवढ्या कधीच आल्या नव्हत्या. अध्यक्षबाई ताईला म्हणाल्या, "असं आधीच लिहायचं ना गं! किती सोपं झालं!"

ताईला काही कळेना. एकीने आणलेली चिठ्ठी हातात पडली तेव्हा कळलं. बायका गेल्यावर तिने माझ्या कानाखाली वाजवली. तेव्हा राग आला होता. आता मारणारं कुणी नाही.

*

मग ताईने स्वतःच लिहिलं, "माझ्या घरी चहा घेणार असाल तरच यावे."

मी म्हटलं, "धंदा बसेल."

"बसू दे. शिलाई मला कुठेही मिळेल. पण माझ्या हॉलमध्ये बसून माझा कप परत करायचा नाही."

त्या दिवशी एकच बाई आली. देवळाली कॅम्पच्या एका जवानाची बायको, कॉलनीत बहिणीकडे आलेली. तीन कप चहा प्याली आणि रिकामा हॉल बघून म्हणाली, "बाकी सब बीमार हैं क्या?"

ताई म्हणाली, "हां. पुरानी बीमारी है."

*

आता शेवटचा.

दोन महिने ताईने चिठ्ठी काढली नाही. बायकांच्या मॅक्सी विरायला लागल्या. एका दुपारी तळमजल्यावरच्या काकू एकट्याच आल्या. "आधी कडी लाव गं," म्हणाल्या. "आण तो चहा. पण कुणाला बोलू नकोस. आणि ती निळ्या फुलांची मला ठेव."

पुढच्या आठवड्यात दुसरी. मग तिसरी. महिन्याभरात सहा जणी कडी लावून चहा पिऊन गेल्या. प्रत्येकीला वाटायचं, आपण एकटीच! प्रत्येकीने ताईकडून शपथ घेतलेली. ताईने एकीचं नाव दुसरीला सांगितलं नाही.

तिने सहा चिठ्ठ्या लिहिल्या. सगळ्या सारख्या. "वेळ : पाणी गेल्यावर. चहा तुम्हाला आवडला तसाच."

सहा जणी आल्या. एकमेकींना बघून दारातच थबकल्या, पण परत कसं जाणार? बसल्या. ताईने दार सताड उघडं ठेवलं आणि सहा कप ट्रेमध्ये घेऊन आली.

कुणाचा हात उठेना. एक छताकडे बघतेय, एक मॅक्सीच्या शिवणीकडे. ताई ट्रे घेऊन तशीच उभी. चहावर साय धरली.

शेवटी अध्यक्षबाईंनी हात पुढे केला. कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून कप ट्रेमध्ये परत ठेवला.

"हा माझा नाही गं," त्या म्हणाल्या. "माझा बिनसाखरेचा असतो ना?"