अमरावती ते अकोला, विमानाने

मुलांनो, दर्यापूरच्या आत्याआजी आता व्हिडिओ कॉलवर तुम्हाला विचारणार आहेत, तुमची आजी अकोल्याला विमानाने जाते का म्हणून. त्यांनी विचारायच्या आत खरा प्रकार माझ्याकडून कळलेला बरा.

सुरुवात तुम्हीच केलीत. अमरावती आणि अकोला या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारं पान मला पाठवलंत. वेळ इतका थोडा, की कपातला चहा निवायच्या आत माणूस पोचावा. फक्त विमान कोणतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण असं विमानच नाही. मी ते पान अकोल्याच्या माझ्या धाकट्या बहिणीला पाठवलं आणि आम्ही दोघी फोनवर पोटभर हसलो.

त्याच आठवड्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी मी तिला समोर दिसायला हवी होते. दर्यापूरवरून जावं, तर आत्याआजींचं घर रस्त्यातच. आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहीण. त्यांच्याकडे थांबलं तर जेवल्याशिवाय सुटका नाही, आणि न थांबता गेल्याचं कळलं तर अबोला. तिवशाच्या जाऊबाईंशी तो वर्षभर चालला होता. म्हणून मी गाडी मूर्तिजापूरच्या रस्त्याने घेतली आणि वेळेत पोचले.

दुपारी डोळ्याला पट्टी बांधलेली माझी बहीण पलंगावर बसली होती, तेवढ्यात आत्याआजींचा चौकशीचा फोन आला. मी तिथेच आहे हे कळल्यावर त्यांनी लगेच विचारलं, वहिनी आल्या कोणत्या रस्त्याने? बहिणीने शांतपणे सांगून टाकलं, विमानाने.

"अमरावतीहून अकोल्याले विमान? काहून, रस्ता बुजला काय?"

बहिणीने मला ते पान उघडायला लावलं आणि मी कानात सांगितलेले आकडे बातम्यांसारखे म्हणून दाखवले. पलीकडून आत्याआजी म्हणाल्या, "वरून दर्यापूर दिसलंच असन. खिडकीतून हात तरी दाखवाचा होता."

परतताना मी निमूटपणे दर्यापूरला उतरले. आत्याआजींनी ओसरीवर शेजारणी जमवून ठेवल्या होत्या. त्यांच्यासमोर मला विचारलं, विमान उतरताना कान दुखले का, सामान किती नेऊ दिलं. त्यांचा चेहरा इतका गंभीर, की मला हसूही येईना आणि रडूही. शेवटचा प्रश्न आला, "विमानात खाले काय देल्लं, वहिनी?"

मी म्हटलं, काहीच नाही.

"मंग बसा. मले म्हाईत हाये, अकोल्याले कोणतं विमान उतरते ते. डोळा कसा हाये तिचा, ते सांगा पयले."

डोळा उत्तम आहे, मी सांगितलं. त्यांनी ताट वाढलं, वरून वाटीभर तूप वाढलं आणि मी उठायला लागले की पुन्हा पोळी वाढली. घरी पोचायला मला अंधार झाला.

आमचं बोलणं टिकून आहे. रोज सकाळी त्यांचा फोन येतो.