विहीणबाईंसमोरचं उत्तर

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची, म्हणजे अगदीच पोर. अक्कल यायची होती. नात विचारते, "आजी, लहानपणी तू खोटं बोलायचीस?" लहानपणीचं आठवत नाही गं, एकसष्टाव्या वर्षीचं पक्कं आठवतं.

लेक दुसऱ्या बाळंतपणाला म्हैसूरला माझ्याकडे आली होती. पहिलं सिझर. मधे दोनदा दिवस राहिले आणि गेले, दोन्ही वेळा पिशवी साफ करावी लागली. ते आम्ही सासरी कळू दिलं नव्हतं. जावयाला मी शपथ घातली होती. का लपवलं, ते आता सांगता येत नाही. तेव्हा मात्र कारण फार मोठं वाटत होतं.

सातव्या महिन्यात नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. विहीणबाई नंजनगूडहून सकाळच्या गाडीने मुद्दाम आलेल्या, पिशवीभर रसबाळे केळी घेऊन. स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वार खाली आहे, मागच्या बाजूला. आधी काही ऑपरेशन? क्युरेटिंग, म्हणजे पिशवी साफ करणं वगैरे?"

लेकीने तोंड उघडलं, तोवर मी बोलून मोकळी. "एक सिझर, बस्स. बाकी काही नाही."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. वाटलं, वाचवलं हिला. केवढी हुशार बाई!

ऑपरेशनच्या दिवशी बाळाचं रडणं बाहेर ऐकू आलं. मुलगी झाली. आम्ही दोघी विहिणी बाकावर बसून नाक कोणाचं यावर वाद घालत होतो. मग नर्सबाई पळायला लागल्या. जावयाने कसल्याशा कागदावर सही केली आणि तो रक्त आणायला धावला. हाताखालची डॉक्टर मुलगी बाहेर आली.

"अम्मा, वार सुटत नाहीये. पिशवीच्या भिंतीत रुतून बसलीय. रक्त थांबत नाही, पिशवी काढावी लागतेय. आधी कधी साफ केली होती का? खरं सांगा."

रुतली म्हणजे काय? वार बाळामागून आपसूक येते, माझ्या तिन्ही बाळंतपणांत आली. मला काही कळेना. आणि आज लिहायलाही लाज वाटते, पण लेक आत रक्त सांडत असताना मी उत्तर देण्याआधी विहीणबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"दोनदा," विहीणबाई म्हणाल्या. "सांगा ना हो, दोनदा!"

डॉक्टर मुलगी आत गेली. मी बघतच राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"अय्यो, तुम्ही शपथ घातलीत त्याच आठवड्यात लेकाने सांगितलं मला. तुम्हाला अवघड वाटायला नको, म्हणून मी गप्प."

"मग त्या दिवशी डॉक्टरांसमोर तरी बोलायचं!"

"तुम्हाला खोटं पाडू?"

रागवावं की पाया पडावं, ते ठरेना.

लेक वाचली. पिशवी गेली. जुन्या टाक्यांना चिकटलेलं मूत्राशय सोडवताना फाटलं, ते दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून शिवलं. दोन आठवडे लघवीची नळी.

मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. "मी तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"आणखी तपासण्या केल्या असत्या. रक्त, मूत्राशयाचे डॉक्टर, सगळं आधीच तयार ठेवलं असतं. पिशवी बहुतेक तरीही काढावी लागली असती. नक्की नाही सांगता येत, अम्मा."

म्हणजे माझी चूक किती? सगळी? अर्धी? मी हिशेब लावत बसले, दरवेळी वेगळं उत्तर. शेवटी लेकीलाच विचारलं, "माझ्यावर रागावलीस का?"

"तोंड मलाही होतं ना, आई," ती म्हणाली. मग खिडकीकडे बघत, "पण हो. रागावलेय."

नळी काढायच्या दिवशी तिच्याबरोबर आत गेले. डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवून विचारलं, "इथे दुखतं?"

"नाही," मी म्हणाले.

तिघींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे नर्सबाईंनीसुद्धा.

"दुखतं," लेक म्हणाली. "खूप दुखतं."

मी निमूट बाहेर आले. बाकावर विहीणबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सरकून जागा देत त्यांनी विचारलं, "कशी आहे हो आता?"

छान आहे, हे ओठांवर आलं होतं. म्हटलं, "ती येईल बाहेर. तिलाच विचारा."